डावीकडचा आवाज

१२ ऑगस्ट १९५६, रविवार

अखेर आज गाडी गुणाजीच्या ताब्यात दिली. साकीनाक्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे, आणि गॅरेजवाल्याकडे गाडी सोडणं म्हणजे बोक्याला शिंक्याची राखण सांगणं. पण इलाज नाही.

मे महिन्यात पुण्याला जाताना आमच्या हिरव्या बेबी ऑस्टिनने बोरघाटात मान टाकली. माणिकला उतरवलं, सामान उतरवलं, तरी चढेना. शेवटी एस.टी.तल्या उतारूंनी ढकलली. पुण्यात माणिकचा भाऊ श्यामसुंदर हसत म्हणाला, "भाऊजी, पुढच्या वेळी बैल पाठवू का?" माझी पाठ वळताच माणिकने त्याला सांगितलं असणार. ती नाही म्हणते.

म्हणून ठरवलं. येत्या भाऊबीजेला त्याच घाटाने जायचं आणि न थांबता चढायचं. कुर्ल्याला मोडीत निघालेल्या एका फोर्डचं दहा घोड्यांचं इंजिन गुणाजीने हेरून ठेवलं आहे. आमच्या गाडीचं सात घोड्यांचं. गुणाजी म्हणतो, थोडी कापाकापी केली की झकास बसेल. कुणाची कापाकापी ते बघायचं.

कस्टममध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालो. गोदीत उतरणाऱ्या प्रत्येक पेटीला दुसरा तळ असतो असं धरून चाललो, आणि पुष्कळदा तो निघालाच. त्यामुळे गाडी सोडण्यापूर्वी दिवे, डायनामो, चाकांच्या टोप्या, सगळ्यांवर खिळ्याने बारीक खुणा केल्या. म्हणजे अदलाबदल झाली तर कळेल. गुणाजी बघत होता. "साहेबानू, ह्यां काय करतास?" म्हणून विचारलं आणि मोठ्याने हसला. मनात काही नसलेला माणूस इतका हसत नाही.

जाताना आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली. गेली अकरा वर्षं त्या फाटकातून गाडी काढतो आहे, कधी घासली नव्हती. घरमालकाने खांब आत सरकवला आहे. विचारलं तर तोंडावर नाही म्हणाला.

१९ ऑगस्ट, रविवार

साकीनाक्याला जाऊन आलो. जुनं इंजिन निघालं आहे. ते पोटातून काढल्यावर गाडी इतकी केविलवाणी दिसत होती की मला तिथे उभं राहवेना. नवं इंजिन पिंपावर ठेवलं आहे, काळं आणि तेलकट. ते बसवायला सांगाड्याचा आडवा दांडा कापून पुढे न्यावा लागणार, रेडिएटर थेट नाकाशी येणार, आणि बॉनेटला वर फुगवटा काढावा लागणार. गुणाजी हे सगळं इतक्या उत्साहाने सांगत होता की मला शंका आली. गाडी माझी, हौस याला का?

कोपऱ्यात पाचसहा मोठे डबे दिसले, झाकणं घट्ट लावलेली. "काय आहे?" म्हटलं. "पाणी, साहेबानू. नळ रोज खंय येता?" दारूबंदीच्या राज्यात बंद डब्यात पाणी ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. वसईकडून हातभट्टीचा माल मोटारीने येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि अशा कामाला छोटी, कुणाच्या नजरेत न भरणारी, पण पळणारी गाडी लागते. लिहून ठेवतो, उपयोगी पडेल.

परतताना दिवे लागले होते. आजकाल रस्त्याच्या दिव्यांना कसली स्वस्तातली काच लावतात कोण जाणे, प्रत्येकाभोवती रंगीत कडं दिसतं. घरी आलो तर आमच्या दिव्यालाही तेच. म्हणजे बल्बही तसलेच विकायला लागले.

३० ऑगस्ट, गुरुवार

माणिकशी वाद. गेले पंधरा दिवस ती ताटात चटणी-कोशिंबीर वाढत नाही. आज स्पष्ट विचारलं, की डावं वाढायची पद्धत या घरातून बंद झाली का? तर म्हणाली, "अहो, ताटातच आहे की. रोजच असते. तुम्हीच शिवत नाही." मान वळवून बघितलं तर होती खरी, पडवळाची कोशिंबीर. मी बोलल्यावर घाईने वाढली असणार.

मग नेहमीचं सुरू. "डोकं दुखतं म्हणता, दिव्यांना कडी दिसतात म्हणता. एकदा डोळे दाखवून येऊ या ना." हे तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मला माहीत आहे. नाक्यावर चष्म्याचं नवं दुकान निघालं आहे आणि दुकानदाराची बायको हिच्याबरोबर भजनाला असते. डॉक्टर त्याचाच कोणी असणार. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला इथून बसल्या जागी वाचता येतं. मग डोळ्यांना काय झालंय?

ती म्हणाली, "समोरचं दिसतं हो तुम्हाला." आणि उठून आत गेली. या वाक्याचा अर्थ कळला नाही. टोमणा होता हे नक्की.

८ सप्टेंबर, शनिवार. गणेशचतुर्थी

गुणाजी गणपतीला गावी गेला! इंजिन साखळीला अधांतरी लोंबकळतंय आणि हा मालवणात आरत्या म्हणतोय. गॅरेजला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "आता गौरीविसर्जन होऊन, जरा आराम करूनच येईल." कोकणातल्या माणसाला काम देताना पंचांग बघून द्यावं हे मला सुचायला हवं होतं. त्यालाही ते देतानाच माहीत होतं. बोलला नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार

आला एकदाचा. खोबऱ्याच्या वड्या घेऊन आला, म्हणजे मी तोंड उघडू नये. इंजिन आता जागेवर बसलं आहे. म्हटलं, चालू कर. तर म्हणतो, "पितरांचो पंधरवडो चालू झालो, साहेबानू. नवी वस्तू ह्या दिवसांत चालू करूची नाय. आमच्यात चालणा नाय."

मी म्हटलं, इंजिन जुनंच आहे, मोडीतलं.

"गाडयेक तां नवाच ना?"

माणिकला सांगितलं तर तिला आनंदच झाला. "बरोबर आहे त्याचं. घाई कशाला?" या दोघांचं एकमत व्हायला लागलं आहे. पाणी कुठेतरी मुरतंय.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना

आज इंजिन चालू झालं.

गुणाजीने नारळ फोडला, हॅण्डल मारलं, आणि आमची शिवणयंत्रासारखी टिकटिकणारी बेबी अशी गर्जली की पंक्चरवाला धावत बाहेर आला. गुणाजीच्या शेजारी बसून चकाल्यापर्यंत जाऊन आलो. चढ आला कधी, संपला कधी, कळलं नाही. मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. श्यामसुंदरचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

उतरलो आणि गुणाजीने खोडा घातला. "इंजिन म्होटा झाला, पण ब्रेकां तीच जुनी तारेची. आठ दिवस ठेवा गाडी. ब्रेकांचा काम करतंय, मग दसऱ्याक हार घालून घेऊन जावा."

आठ दिवस! इंजिन नीट चालायला लागलं आणि नेमकी आता गाडी त्याला आठ दिवस हवी आहे. ते डबे मी विसरलेलो नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

गाडी आणली. गुणाजी गॅरेजच्या दारात आडवा उभा राहून आर्जवं करत होता. म्हटलं, बाजूला हो. झाला. मी एकटाच घेऊन आलो. माणिक गॅलरीतून बघत होती, खाली आली नाही. चल, चक्कर मारून आणतो म्हटलं तर म्हणाली, "मी नाही बसायची. आणि तुम्हीही नका ना बसू. माझं ऐका एवढं." डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. गाडीत बसायच्या नावाने बायको रडते, आणि मेस्त्री गाडी सोडत नाही. दोघांना एकच गोष्ट हवी आहे, की गाडी माझ्या हातात नसावी. का?

उद्या उजाडायच्या आत काढतो. रस्ता रिकामा असतो आणि कुणाचा सल्ला नसतो.

८ ऑक्टोबर, सोमवार

झुंजूमुंजूला निघालो. माणिक झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

अंधेरी सोडून कुर्ला रोडला लागलो आणि पाय दाबला. दहा घोडे म्हणजे काय ते आज कळलं. अजून अंधारच होता आणि थोडं धुकं, पण समोर रस्ता लख्ख होता. इंजिनाचा आवाज असा की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी चक्क गात होतो. या वयात, एकटा, मोठ्याने.

मरोळच्या अलीकडे डावीकडून एकदा धाडकन आवाज झाला आणि गाडीला हिसका बसला. स्टिअरिंग हातातून सुटता सुटता राहिलं. लगेच ओळखलं, इंजिनाची बैठक ढिली आहे. डावीकडचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत. रागाने कानशिलं तापली. तसाच पुढे साकीनाक्याला गेलो, गुणाजी दात घासत होता, त्याच्या दारात गाडी उभी केली आणि अशी हजेरी घेतली की चूळ भरायचं विसरला. "बैठक माझ्या हातची आसा, साहेबानू. ढिली कशी जायत?" चोराच्या उलट्या बोंबा. गाडी तिथेच सोडली आणि बसने घरी आलो.

येताना मरोळपाशी रस्त्याच्या कडेला लोकांचा घोळका होता आणि सगळीकडे वर्तमानपत्रं उडत होती. कुणी रद्दी टाकून गेलं असणार. रस्ते झाडायला माणसं नेमली आहेत ती पगार कशाचा घेतात? बस थोडी थांबली होती. उतरावंसं वाटलं नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

आजही पेपर नाही. काल नव्हता, आज नाही. द्वैभाषिक राज्य तोंडावर आलं आहे, रोज काही ना काही घडतं आहे, आणि आमच्या सहदेवला सायकल मारत पेपर टाकायला यायची फुरसत नाही. माजला आहे. आला की बदलतो त्याला.

दुपारी गुणाजी येऊन गेला. मी पडलो होतो. तो आणि माणिक जिन्यात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. बाहेर आलो तेव्हा तो गेला होता आणि माणिक जिन्याच्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. "काय म्हणत होता?" "गाडी दसऱ्यापर्यंत ठेवतो म्हणाला." चेहरा पांढराफटक. एवढ्याशा निरोपाला?

१० ऑक्टोबर, बुधवार

माणिक डबा भरून कुठे गेली? देवीला नैवेद्य म्हणाली. तीन पुडाचा नैवेद्य, वर वरणभात. आमची देवी वरणभात खाते हे मला नवीन होतं.

११ ऑक्टोबर, गुरुवार

वाण्याकडे कळलं. सहदेव इस्पितळात आहे. सोमवारी पहाटे पेपर टाकायला निघाला असताना मरोळपाशी कुणीतरी मागून मोटारीने उडवलं आणि न थांबता निघून गेलं. पाय मोडला आहे, दोन ठिकाणी. उजाडल्यावर कुणाच्या तरी नजरेस पडला तोवर गटारात पडून होता. बायकोला सातवा महिना आहे.

मी त्याला माजलेला म्हटलं याची लाज वाटली. आणि त्यापेक्षा संताप आला. माणसाला ठोकायचं आणि मागे वळूनसुद्धा बघायचं नाही! हा माणूस हातभट्टीवाला असला पाहिजे. साधा माणूस थांबतो. गाडीत लपवायचं काही असलेलाच पळतो.

मग तसाच साकीनाक्याला गेलो. आमच्या गाडीचं डावं मडगार्ड काढून जमिनीवर ठेवलेलं. गुणाजी लाकडी हातोडीने त्याचा पोचा काढत होता. मला बघून हातोडी मागे लपवली. "पत्रो जरा चेपलो हुतो," म्हणाला. नजर वर करेना.

सोमवारी मी त्याला गाडी धडधाकट दिली. मी स्वतः ती चालवत नेली, मला माहीत नसणार? बैठक ढिली म्हणून मी तक्रार केली, ती तपासायला म्हणून मी गेल्यावर याने गाडी बाहेर काढली असणार. आणि ज्या रस्त्याने मी नुकताच आलो होतो त्याच रस्त्यावर सहदेवला ठोकलं. माझ्या गाडीने.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

इस्पितळात जाऊन सहदेवला भेटलो. मला बघताच उठून बसायला लागला. पडून राहा म्हटलं. कस्टममधल्यासारखा जबाब घेतला, पण मायेने.

"मागनं आली साहेब. हिरवी होती, बारकी. पण आवाज लॉरीवाणी. म्हणून मी वळून बघितलं, पार कडेला झालो. मला वाटलं, त्याला दिसतोय मी."

"आत कोण होतं?"

"नाही बघितलं. पण..." तो थांबला. "साहेब, कोणीतरी गाणं म्हणत होतं असं वाटलं. पडता पडता काय काय ऐकू येतं माणसाला."

गुणाजी दिवसभर काही ना काही गुणगुणत असतो. हिरवी, बारकी, लॉरीसारखा आवाज. अशी गाडी आख्ख्या अंधेरीत दुसरी नाही.

उठताना खाटेपाशी एक डबा दिसला, तीन पुडाचा. उचलून बघितला तर झाकणावर आमचं नाव कोरलेलं. म्हणजे देवी ही होती. माणिकला सगळं ठाऊक आहे! गुणाजीने त्या दिवशी जिन्यात तिच्यापाशी कबुली दिली आणि ही त्याला पाठीशी घालते आहे. चोरून डबे पोचवून त्याचं पाप फेडते आहे. तिचा स्वभावच मऊ. पण माझ्यापासून लपवावं? छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, असं मी आजपर्यंत समजत होतो. घरी आल्यावर तिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

चौकीवर जाऊन गुणाजीविरुद्ध तक्रार दिली. हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. माझा तीस वर्षांचा अनुभव ऐकून तर त्याने मला चहाच मागवला. बरोबर शिपाई दिला आणि मी त्याच्यासोबत गॅरेज दाखवायला गेलो.

गुणाजीने हत्यारं मांडली होती पूजेला. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊनपुसून पाटावर, झेंडूची फुलं वाहिलेली. आमच्या गाडीलाही एक माळ घातली होती. शिपायाने विचारलं, "ही गाडी सोमवारी सकाळी कुणाच्या ताब्यात होती?"

गुणाजीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उलटेल, शिव्या देईल. पण तो म्हणाला, "माझ्याच." अंगातला सदरा बदलून आला आणि मुकाट शिपायाबरोबर चालू लागला. वळून एवढंच म्हणाला, "साहेबानू, बाईंका सांगा, मी काय बोललंय नाय."

काय बोलला नाही? कबूल तर केलं त्याने.

मला वाटलं होतं, आज बरं वाटेल. दुसरा तळ सापडल्यावर वाटायचं तसं. वाटलं नाही. माणिकला अजून सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सकाळीच गुणाजीची बायको रडत आली. माणिकने तिला आत नेलं. थोड्या वेळाने माणिक बाहेर आली ती बाहेर जायचं लुगडं नेसून. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "चला माझ्याबरोबर," म्हणाली. "कुठे?" "सहदेवकडे." "त्याचा जबाब मी घेतलाय." "चला म्हणते ना!" छत्तीस वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली.

टांगा केला. इस्पितळात सहदेवच्या खाटेशी गेलो. सहदेवला झोप लागली होती. मी पुढे झालो आणि पायाखाली काहीतरी आलं, आणि एक बाई किंचाळली. सहदेवची बायको. खाटेच्या कडेला जमिनीवर बसली होती आणि तिच्या हातावर माझी चप्पल पडली होती. तिने हात छातीशी धरला. मी गोंधळून गेलो. म्हटलं, "अगं, अशी वाटेत काय बसतेस? दिसली नाहीस मला."

"वाटेत नाही बसलेली ती," माणिक म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "आपण दारातून आलो तेव्हापासून ती तिथेच आहे. तुमच्या डाव्या हाताला. तुमच्याकडे बघून तिने हातसुद्धा जोडले."

मी मान वळवली तेव्हा ती दिसली. मान सरळ केली आणि नाहीशी झाली. पुन्हा वळवली. आली. ती बाई माझ्याकडे घाबरून बघत होती आणि मी खुळ्यासारखा मान हलवत उभा होतो.

माणिक म्हणाली, "तोही तुमच्या डाव्याच हाताला होता हो."

मी जवळच्या रिकाम्या खाटेवर बसलो. त्या धाडकन आवाजाची जागा मरोळच्या अलीकडे. ती उडणारी वर्तमानपत्रं. बसमधून मी ती बघितली आणि रस्ता झाडणाऱ्यांना बोल लावला. तो तेव्हा तिथे, त्या घोळक्यात पडला होता आणि मी खिडकीशी बसून होतो. आणि गात कोण होतं ते मला विचारायला नको.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच तोंडातून निघालं.

"तुम्ही ऐकलं असतं?" ती रडायला लागली. "मडगार्डावर सायकलच्या पेडलचा ओरखडा होता. गुणाजी बिचारा विचारायला आला, काय करू. मीच त्याला म्हटलं, पोचा काढ आणि गप्प राहा. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही जिवाचं काहीतरी करून घ्याल. सहदेवचं सगळं मी बघणार होते. तुम्ही त्यालाच धराल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं."

मी तिला म्हटलं, घरी जाऊ. हे एवढं लिहून ठेवतो आहे, कारण नंतर मला स्वतःचाच भरवसा वाटणार नाही. मी सहदेवचा पाय मोडला आणि निरपराध माणसाला कोठडीत घातलं. खोडाखोड करणार नाही. आता चौकीवर जातो.

१५ ऑक्टोबर, सोमवार

काल चौकीवर दसऱ्याची गडबड होती. दाराला तोरण, हवालदाराच्या टेबलावर आपट्याची पानं. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली. गुणाजी भिंतीकडच्या बाकावर बसला होता, परवाच्याच सदऱ्यात. मला बघून उभा राहिला. माणिक दारातच थांबली.

मी सांगितलं. त्याला सोडा, गाडी मी चालवत होतो. सगळं सांगितलं, धुकं, आवाज, बस.

हवालदार ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. तो मला ओळखीचा वाटला, कारण तो माझाच होता. तीस वर्षं गोदीत मी तसाच चेहरा करून ऐकत आलो. "दिघेसाहेब," तो म्हणाला, "काल तुम्हीच सांगत होता की गाडी याच्याकडे होती. आज तुमच्याकडे होती. रात्रीतून काय झालं? याची माणसं आली होती का घरी?"

"त्याची बायको आली होती. पण..."

"आली होती ना? बरं. रडली असेल. तुम्ही भले गृहस्थ, दया आली असेल. पण साहेब, दयेपायी खोटा जबाब देणं हाही गुन्हा आहे. कुणाला वाचवताय?"

"कुणालाच नाही हो. मी खरं सांगतोय." या वाक्यावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.

बाकावरून गुणाजी म्हणाला, "साहेबानू, तुमी घराक जावा. माका काय नाय, दंड होयत. तुमचा वय झाला."

"बघा," हवालदार म्हणाला, "तो स्वतः कबूल आहे."

मग मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "हवालदारसाहेब, मी सरळ समोर बघतो. तुम्ही फक्त माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहा."

तो हसला. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर धरली. काटेसुद्धा स्पष्ट दिसत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी थांबलो. तो मला खेळवतो आहे असं वाटून रागही आला, जुनी खोड. म्हटलं, "या की, उभे राहा."

"किती बोटं आहेत?" त्याचा आवाज अगदी कानाशी आला. मी दचकलो.

"कसली बोटं?" मी म्हटलं.

खोलीत कुणी हसलं नाही. दारातून माणिकचा हुंदका ऐकू आला. हवालदार टेबलामागे परत गेला तेव्हा मला पुन्हा दिसला. त्याने आपट्याची पानं बाजूला सारली, कोरा कागद पुढे ओढला, आणि माझं संपूर्ण नाव विचारलं.